घराच्या हिरवळीसाठी सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअर कोणता घ्यावा? (न्यू जर्सी)

परसबाग (न्यू जर्सी)

सर्वांना नमस्कार. मध्य न्यू जर्सीत आम्ही नुकतेच स्वतंत्र घर घेतले आहे. यापूर्वी टाउनहाउसमध्ये राहत होतो आणि तेथे गवत कापण्याची जबाबदारी असोसिएशनची असल्याने या विषयाशी आमचा कधी संबंधच आला नाही. नव्या घराची जागा साधारण पाव एकर आहे. घर, ड्राइव्हवे आणि मागचा लाकडी कट्टा वजा जाता गवताखाली सुमारे ७,००० चौरस फूट जागा उरते. पुढचे अंगण सपाट आहे. मागचे मात्र कुंपणाच्या दिशेने उतरत जाते, आणि कुंपणालगतची एक पट्टी तर चांगलीच उभी आहे. मागे ओकची दोन मोठी झाडे आहेत. मागच्या अंगणात जाण्याचे फाटक ३६ इंच रुंद आहे.

आधीच्या मालकांनी गॅरेजमध्ये ठेवून दिलेला हाताने ढकलायचा मोअर चालू स्थितीत आहे, परंतु कापलेल्या गवताने भरलेल्या पिशवीसह तो चढावर ढकलत आणणे माझ्या गुडघ्यांना मानवत नाही. हे काम मी आणि पत्नी आलटून-पालटून करणार आहोत. तिची उंची माझ्यापेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे दोघांनाही पेलेल असे आणि स्वतःच्या जोरावर पुढे सरकणारे (सेल्फ-प्रोपेल्ड) यंत्र हवे आहे. खर्चाची तयारी ७०० डॉलरच्या आसपास आहे.

दुकानात गेल्यावर पेट्रोल की बॅटरी, पुढच्या चाकांना गती की मागच्या, एक वेग की बदलता वेग, असे इतके प्रश्न समोर आले की काही न घेताच परतलो. आपल्यापैकी ज्यांनी अशा जागेवर काही वर्षे गवत कापले आहे, त्यांनी कोणत्या गोष्टीला आधी महत्त्व द्यावे हे सांगितल्यास आभारी राहीन.

पाना-पक्कड (मिशिगन)

परसबाग, तुम्ही जागेचे वर्णन नीट दिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते पेट्रोल की बॅटरी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न गती कोणत्या चाकांना मिळते हा आहे, आणि उतार असल्यामुळे त्याचे उत्तर मागच्या चाकांना असेच असले पाहिजे.

कारण असे की, मोअरची पिशवी मागच्या बाजूला असते आणि ती भरत गेली की वजन मागे सरकते. चढावर जाताना ते आणखी मागे जाते आणि हँडलवर हाताचा थोडासा दाब पडला तरी पुढची चाके हलकी होतात. गती पुढच्या चाकांना असेल तर नेमक्या याच वेळी ती जागच्या जागी फिरू लागतात आणि तुम्हालाच यंत्र ढकलावे लागते, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो लाभ गरजेच्या क्षणी मिळत नाही. मागच्या चाकांना गती असेल तर तेच वजन पकड वाढवते. पुढच्या चाकांचे मोअर टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. हँडल किंचित दाबून पुढची चाके उचलली की गती आपोआप तुटते आणि यंत्र चटकन वळते. सपाट अंगणात झाडे, वाफे, बाके यांच्याभोवती सारखे वळावे लागत असेल तर ते सोयीचे पडतात आणि किमतीलाही बहुधा कमी असतात. चारही चाकांना गती असलेले प्रकार मिळतात, परंतु ते जड असतात, वळवायला कष्ट पडतात आणि पट्टे, गिअर, केबल असे झिजणारे भाग वाढतात. तुमच्या वर्णनावरून त्यांची गरज दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. एकच ठरावीक वेग असलेला मोअर घेऊ नका. दोघांची चाल वेगळी आहे आणि ओल्या, दाट गवतात तुम्हाला सावकाश जावेच लागेल. बदलत्या वेगातही प्रकार आहेत. काहींत हँडलजवळच्या खटक्याने किंवा अंगठ्याने दाबायच्या पट्टीने वेग कमी-जास्त होतो. टोरो कंपनीच्या ‘पर्सनल पेस’ पद्धतीत हँडलचा भागच थोडा पुढे सरकतो आणि जितक्या वेगाने आपण चालू तितक्या वेगाने यंत्र पुढे जाते. कोणाला कोणता प्रकार आवडेल हे कागदावरून कळत नाही. दुकानात पत्नीला सोबत न्या, दोघांनीही हँडल धरून पाहा, त्याची उंची बदलता येते का ते तपासा, आणि खटका अर्धा तास दाबून धरल्यास मनगट किंवा अंगठा दुखेल का याचा अंदाज घ्या. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

रुंदीबाबत फार विचार करू नका. २१ किंवा २२ इंची डेक, म्हणजे पात्यावरचे आवरण, असलेला घ्या. ३० इंची यंत्र तुमच्या ३६ इंची फाटकातून जेमतेम जाईल आणि प्रत्येक खेपेला खांब सांभाळावे लागतील. २१ इंची यंत्राने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर ३ इंच चढवली तर १८ इंचांची पट्टी कापली जाते. त्या हिशेबाने ७,००० चौरस फुटांसाठी पाऊण मैलाहून थोडे अधिक चालावे लागेल. ताशी ३ मैलांच्या चालीने ते १८ मिनिटांचे काम आहे, वळणे आणि पिशवी रिकामी करणे धरून अर्धा-पाऊण तास समजा.

मी स्वतः पेट्रोलवालाच आहे. होंडाने उत्तर अमेरिकेसाठी पेट्रोल मोअर बनवणे २०२३ मध्ये थांबवले याचे मला अजूनही वाईट वाटते. होंडाचा जुना एचआरएक्स मोअर चांगल्या स्थितीत कोणाकडे विकाऊ असेल तर अवश्य पाहा; त्याचे डेक विशिष्ट प्लॅस्टिकचे असल्याने गंजत नाही. नवा पेट्रोल मोअर घेणार असाल तर मागच्या चाकांना गती असलेला टोरो रिसायकलर तुमच्या अंदाजपत्रकात बसावा.

सावलीचे झाड (पेनसिल्व्हेनिया)

चाकांविषयी पाना-पक्कड यांनी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पेट्रोलविषयी नाही.

७,००० चौरस फूट हे क्षेत्र बॅटरीच्या यंत्राला अगदी जुळणारे आहे. एक एकर असते तर मी वेगळे सांगितले असते. पेट्रोलच्या मोअरची खरी कटकट गवत कापताना होत नाही, ती हिवाळा संपल्यावर सुरू होते. पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते टाकीत महिनोन्महिने राहिले की कार्ब्युरेटरची (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) बारीक छिद्रे चोंदतात आणि एप्रिलमध्ये यंत्र सुरू होत नाही. त्यासाठी पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घाला किंवा टाकी रिकामी करून ठेवा, शिवाय तेल बदला, स्पार्क प्लग पाहा, एअर फिल्टर बदला. ज्यांना या कामांत आनंद आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु प्रश्नकर्त्यांनी आजवर हे काम केलेले नाही आणि त्यांना हा छंद लागेलच असे नाही.

बॅटरीचा मोअर घेताना खोक्यावरच्या व्होल्टच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. पाहायचे ते वॉट-तास, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. पुष्कळ कंपन्या पूर्ण चार्ज झालेल्या क्षणाचा व्होल्टेज छापतात. ‘८० व्होल्ट मॅक्स’ प्रत्यक्ष वापरात ७२ व्होल्टची आणि ‘४० व्होल्ट मॅक्स’ ३६ व्होल्टची बॅटरी असते. ४० व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने २१६ वॉट-तासांची ठरते, तर इगो कंपनीची ५६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासांची बॅटरी ४२० वॉट-तासांची म्हणून विकली जाते. एका चार्जवर यंत्र किती चालेल याची खोक्यावर लिहिलेली मिनिटे सुक्या, आखूड गवताची असतात. मे महिन्यातले दाट, दमट गवत आणि वर चाकांची मोटर सतत चालू, अशा स्थितीत त्या मिनिटांत मोठी घट धरावी लागते. तुमच्या जागेसाठी ४०० वॉट-तासांच्या आतली एकच बॅटरी घेऊ नये असे मी सुचवेन. लहान बॅटरी असलेल्या मॉडेलचा भाव आकर्षक दिसतो, आणि नंतर सुटी बॅटरी घ्यायला गेले की डोळे पांढरे होतात.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. मोअर घेताना तुम्ही बॅटरीचे एक घराणेच घरात आणत असता. कडा कापण्याचा ट्रिमर, पाने उडवण्याचा ब्लोअर, हेज ट्रिमर, काही कंपन्यांत तर बर्फ काढण्याचे यंत्रही त्याच बॅटरीवर चालते. म्हणून आज फक्त मोअरची तुलना न करता पुढच्या चार वर्षांत काय-काय लागणार आहे याचा विचार करावा. इगो यंत्रावर ५ वर्षांची आणि बॅटरीवर ३ वर्षांची घरगुती हमी देते. इतर कंपन्यांच्या अटी वेगळ्या असतात, आणि बॅटरीची हमी यंत्रापेक्षा वेगळी असते हे सगळीकडेच तपासून घ्यावे.

हिवाळ्यात बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, अर्धवट भरलेली घरात कोरड्या जागी ठेवावी. गोठणबिंदूखालच्या गॅरेजमध्ये लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नये. बॅटरीचे बरेचसे मोअर हँडल दुमडून उभे ठेवता येतात. ज्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आहेत तेथे ही लहान सोय नव्हे.

बे एरियातून

आमच्याकडे हा वाद कायद्यानेच मिटवला आहे. कॅलिफोर्नियात २०२१ साली संमत झालेल्या कायद्यानुसार २०२४ पासून बनवली जाणारी लहान इंजिनांची नवी बागकामाची यंत्रे धूरविरहित असणे बंधनकारक आहे. तुम्हाला निवडीची मोकळीक आहे, ती वापरा. आवाजाचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो: बॅटरीच्या मोअरने रविवारी सकाळी शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. पेट्रोलचा घेतलात तर कानांवर मफ्स घाला. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज वर्षानुवर्षे ऐकणे चांगले नाही.

डॅलसचा उन्हाळा (टेक्सास)

यंत्राची चर्चा चांगली चालली आहे, परंतु गवत कोणते हे कोणी विचारलेच नाही, आणि त्यावरच निम्मा निर्णय अवलंबून असतो. आमच्याकडे बर्म्युडा जातीचे गवत आहे. ते १ ते २ इंच उंचीवर ठेवावे लागते, त्यामुळे डेक किती खाली येते हे आम्ही पाहतो. न्यू जर्सीत बहुधा टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास किंवा त्यांचे मिश्रण असते. या थंड हवेच्या गवतांना ३ ते ४ इंच उंची मानवते. उंच ठेवल्यास मुळे खोल जातात, जमीन सावलीत राहते आणि तणाला वाव कमी मिळतो. म्हणून तुम्ही उलटे पाहायचे: डेक ४ इंचांपर्यंत वर जाते का, आणि उंची एकाच खटक्याने बदलता येते की चारही चाकांवर वेगवेगळे खटके आहेत. एकच खटका असेल तर मे आणि जुलैमध्ये उंची बदलण्याचा आळस होत नाही.

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये हा नियम तुम्हाला सगळीकडे सांगतील. त्याचा यंत्राशीही संबंध आहे. नियम पाळला तर कोणताही चांगला मोअर गवत बारीक करून तेथेच पसरवू शकतो, म्हणजे मल्चिंग होते. मोडला तर ओलसर गवताचे गोळे मागे पडत जातात आणि दोष यंत्राला दिला जातो. मल्चिंग केल्यास पिशवीचा, म्हणजेच तुमच्या गुडघ्यांचा प्रश्नही बराचसा सुटतो, आणि गवताला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा, साधारण एक-चतुर्थांशापर्यंत, जमिनीला परत मिळतो. न्यू जर्सीत २०११ पासून खतांवर कडक कायदा आहे, घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खत घालताच येत नाही, हे माझ्या तेथील भावाकडून कळले होते. फुकट मिळणारे नत्र पिशवीत भरून रस्त्याच्या कडेला का ठेवावे?

परसबाग (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. गवत टॉल फेस्क्यू असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. उभ्या पट्टीचे माप आज घेतले: ८ फुटांची सरळ फळी वरच्या टोकाला जमिनीवर टेकवून लेव्हलने आडवी धरली, तर दुसऱ्या टोकाखाली जमीन जवळजवळ ३ फूट खाली होती. बाकीच्या उतारावर हेच अंतर एक फुटाच्या आसपास भरले. मागच्या चाकांना गती असेल तर त्या पट्टीवरही यंत्र चालवता येईल का? आणि ओकच्या पानांचे काय करावे? तेवढ्यासाठी पेट्रोलच घ्यावे असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

पाना-पक्कड (मिशिगन)

त्या पट्टीवर मोअर नेऊ नका, कोणत्याही चाकांचा नाही. ८ फुटांत ३ फूट म्हणजे २० अंशांहून अधिक उतार झाला. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि ती ८ फुटांमागे २ फुटांहून जराशी जास्त भरते. बाकीचा उतार साधारण ७ अंशांचा आहे, तेथे काहीच अडचण नाही. तेथेही कापताना उताराला आडवे चाला, वर-खाली नको. वर-खाली करताना पाय घसरला तर खाली येताना आपण यंत्रावर जातो आणि वर जाताना यंत्र आपल्यावर येते. बसून चालवायच्या मोअरचा नियम नेमका उलटा आहे, त्यामुळे व्हिडिओ पाहताना गोंधळ होऊ देऊ नका.

हँडलसोबत दाबून धरायची दांडी सोडली की ३ सेकंदांत पाते थांबलेच पाहिजे असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, आणि त्याने खरोखर बोटे वाचली आहेत. परंतु काही लोक ही दांडी दोरीने बांधून ठेवतात. तसे कदापि करू नका. पात्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरी काढा, पेट्रोलचा असेल तर स्पार्क प्लगची वायर काढा.

पानांबाबत तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे. ओकची पाने चिवट असतात, आणि पावसात भिजलेला थर १६० सीसीचे इंजिन ज्या सहजतेने फोडते तसे बॅटरीच्या यंत्राला जमत नाही.

सावलीचे झाड (पेनसिल्व्हेनिया)

भिजलेल्या पानांचा घोट्याएवढा थर असेल तर जमत नाही, हे खरे. पण तेवढा थर साचू का द्यावा? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने सुकी असताना आठवड्यातून एकदा मोअर फिरवला तर बॅटरीचे चांगले यंत्रही त्यांचा भुगा करते आणि तो गवतात मुरतो. बॅटरी अशा कामात लवकर संपते, म्हणून पुढचे आणि मागचे अंगण दोन वेगळ्या दिवशी घ्यावे. पाते बोथट असेल तर मात्र बॅटरीचे यंत्र लगेच दमते. पेट्रोलचे इंजिन बोथट पाते जोर लावून रेटून नेते, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. गवताची टोके मात्र फाटून तपकिरी पडतात. हंगामात एकदा-दोनदा पात्याला धार लावून घ्यावी, किंवा एक जादा पाते घेऊन ठेवावे.

उभ्या पट्टीवर गवत ठेवण्याचा हट्ट सोडावा असे मी सुचवेन. तेथे जमीन धरून ठेवणारी बुटकी झुडपे किंवा पसरणारे ज्युनिपर लावले तर कापण्याचा प्रश्नच उरत नाही. ती वाढेपर्यंत त्याच बॅटरीवर चालणारा ट्रिमर पुरेल.

एडिसनकर

मी तुमच्या जवळच राहतो, म्हणून स्थानिक गोष्ट तेवढी सांगतो. यंत्र कोणतेही घ्या, घेण्यापूर्वी जवळच्या दुरुस्तीच्या दुकानाला फोन करून ते कोणत्या कंपनीचे काम हमीखाली करतात हे विचारून घ्या. आमच्या भागातील एका दुकानात मोठ्या साखळी दुकानांतून घेतलेली यंत्रे मे महिन्यात सर्वांत शेवटी घेतली जातात. त्या दुकानातूनच खरेदी केलेल्यांना प्राधान्य असते. मे महिन्यात गवत पाच-सहा दिवसांत पुन्हा वाढते आणि अनेक टाउनशिपमध्ये उंच गवताबद्दल नोटीस येऊ शकते, त्यामुळे दोन आठवडे मोअर दुकानात अडकून राहणे परवडत नाही.

परसबाग (न्यू जर्सी)

पुन्हा एकदा आभार. आज आम्ही दोघे जाऊन हँडल धरून पाहून आलो. पत्नीला अंगठ्याच्या पट्टीपेक्षा चालीप्रमाणे वेग घेणारा प्रकार अधिक सोयीचा वाटला, आणि त्यात हँडलची उंची कमी-जास्त करण्याची सोयही होती. मागच्या चाकांना गती, २१ इंची डेक, ४ इंचांपर्यंत उंची, एकच खटका आणि ४०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी, एवढे पक्के करून घेणार आहोत. ट्रिमर त्याच बॅटरीचा घेतला तर किंमत ७०० च्या पुढे जाईल, ते मान्य केले आहे. उताराच्या उभ्या पट्टीवर ज्युनिपर. जुना ढकलायचा मोअर पुढच्या सपाट अंगणासाठी ठेवावा की देऊन टाकावा, एवढाच प्रश्न राहिला आहे.

पाना-पक्कड (मिशिगन)

एक वर्ष ठेवा. तो पेट्रोलचा असेल तर नोव्हेंबरातल्या भिजलेल्या पानांवर चालवून पाहा, मग सावलीचे झाड यांच्याशी पुन्हा बोलू. त्याची टाकी मात्र आजच रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. आधीच्या मालकांनी ते कधी भरले होते हे कोणालाच ठाऊक नाही.